ईटी ४० सांगून ईटी २५ ची चाकं गळ्यात मारली, अलॉय घेणाऱ्यांनी वाचा

डोकं शांत झाल्यावर लिहू म्हटलं होतं, ते काही होत नाहीये, म्हणून आता लिहितोच. किती पैसे गेले ते विचारू नका, घरी अजून खरा आकडा सांगितलेला नाही. एवढंच सांगतो, ६० टक्के ऑर्डर देताना घेतले, उरलेले ४० टक्के गाडी जॅकवर चढलेली असताना, आणि आजपर्यंत एक दमडी परत आलेली नाही.

माझ्या गाडीची कंपनीची चाकं १५ इंची, ६जे (म्हणजे ६ इंच रुंद), ईटी ४५. ईटी म्हणजे ऑफसेट, चाक गाडीला जिथे टेकतं तो सपाट भाग चाकाच्या मधल्या रेषेपासून किती मिलीमीटर बाहेरच्या बाजूला आहे तो आकडा; आकडा कमी तेवढं चाक बाहेर. नवीन घ्यायची होती १७ इंची ७जे, टायर २०५/४५ आर १७. जुना १८५/६५ आर १५ आणि हा, दोघांच्या व्यासात फरक जेमतेम ५ मिलीमीटर, म्हणजे स्पीडोमीटरची पण कटकट नाही. पीसीडी (बोल्ट किती आणि ते ज्या गोलावर असतात त्याचा व्यास) ४ बाय १००, जुळत होता. ऑफसेट ईटी ४० ठरवला, आणि तो मी स्वतः हिशोब करून ठरवला, त्यामुळे "अभ्यास न करता घेतले असतील" वाल्यांनी जरा दम धरा. ईटी ४० ला ७जे चाक जुन्यापेक्षा आत साधारण ८ मिलीमीटर जातं आणि बाहेर १८. आत शॉकअपपाशी आणि बाहेर फेंडरपाशी (चाकावरचा पत्रा) तेवढी जागा होती, मी पट्टी लावून बघितली होती. चॅटवर विकणाऱ्याला सरळ विचारलं ईटी किती, उत्तर आलं "४० सर, पक्का". खोक्यावर स्टिकर ईटी ४०. आता गिऱ्हाईकाने अजून काय करायचं, कारखान्यात जाऊन उभं राहायचं का?

आता जे आठवलं की अजून चिडचिड होते ते सांगतो. गाडी वर घेतलेली, जुनी चाकं काढलेली, नवीन अजून लावायची होती. हा माणूस फेंडरच्या आत हात फिरवतो आणि म्हणतो, "सर, कड जरा रोल करून देतो, आपल्याकडून फ्री." चाक लागलंच नव्हतं अजून! ईटी ४० असेल तर माझ्या गाडीत कड दुमडायची गरज काय? लागणार हे त्याला चाक न लावता कसं कळलं? कारण त्याला माहीत होतं की खोक्यात काय आहे. आणि मी काय म्हटलं, "हो हो करा, बरं झालं." फुकट म्हटल्यावर कोण नाही म्हणतं, तुम्ही म्हटलं असतं का? हीट गन फिरवली, रोलर लावला, मागच्या डाव्या फेंडरचा रंग केसाएवढा तडकला, तेव्हा म्हणाला पॉलिश केलं की दिसणार नाही. दिसतंय. गंज पण तिथूनच सुरू होणार.

चाकं बसली तेव्हा बाहेर आलेली डोळ्यांना दिसत होती. विचारलं तर "हाच तर लूक आहे सर, स्टान्स म्हणतात याला". एकटा चालवत होतो तोवर ठीक, फक्त स्टिअरिंग खड्ड्यात ओढायचं आणि वेग वाढला की थरथरायचं (थरथरीचं कारण वेगळं निघालं, चाकाचं मधलं भोक ७३.१, गाडीचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, ५४.१, आणि मधली फट भरणारी हब रिंग टाकलीच नव्हती. रिंग किरकोळ गोष्ट आहे, विचारून घ्या). मग गाडीत सगळे बसले, गतिरोधक आला आणि मागून असा खर्रर्र आवाज की आईने मागच्या सीटवरून दरवाजाच धरला. उतरून बघतो तर टायरच्या खांद्यावर गोल फिरून चर पडलेला, फेंडरची आतली कड घासून उघडी.

मग चाक काढून मोजलं, जे घेतानाच करायला पाहिजे असतं पण दुकानात कोण करतं. तुम्ही करा. टायर चढवायच्या आधी चाकाचं तोंड खाली करून कापडावर ठेवा, मागच्या काठांवर सरळ पट्टी आडवी टाका, पट्टीपासून हबला टेकणाऱ्या सपाट भागापर्यंत अंतर घ्या. माझं आलं १२६.५ मिलीमीटर. चाकाची काठापासून काठापर्यंत पूर्ण रुंदी २०३, निम्मी १०१.५. वजाबाकी करा. २५. रुंदी पट्टीनेच मोजा, ७जे म्हणजे ७ इंच धरून हिशोब केला तर चुकेल, तो आकडा टायर जिथे बसतो तिथला असतो, कड धरून रुंदी साधारण एक इंच जास्त भरते.

१५ मिलीमीटर म्हणजे काय असं वाटेल. कंपनीच्या चाकाच्या तुलनेत बाहेरची कड १८ ऐवजी जवळजवळ ३३ मिलीमीटर बाहेर आली. चाकाची मधली रेषा प्रत्येक बाजूला २० ने बाहेर, त्यामुळे बेअरिंगवर ताण वाढला आणि स्टिअरिंग प्रत्येक खड्डा हाताला सांगायला लागलं.

आणि शिक्का. स्पोकच्या मागे जिथे ईटीचा आकडा असतो तिथे काळ्या रंगाचा एक थेंब, बाकी चाक सिल्व्हर. नखाने खरवडला तर खाली ग्राइंडर फिरवल्याच्या रेषा, २ अर्धा गेलेला, ५ धडधडीत शाबूत. एकाच साच्यातून ओतलेलं चाक वेगवेगळ्या ऑफसेटला मशीन करता येतं, म्हणून बरेचदा ईटीचा आकडा नंतर ठोकतात, आणि म्हणूनच त्याच्याशी खेळणं सोपं. स्टिकरवर विश्वास ठेवू नका, शिक्क्यावर पण अर्धाच ठेवा, पट्टीवर ठेवा.

फोन केला तर म्हणतो, "या, ५ चा स्पेसर टाकून सेट करून देतो." स्पेसर! म्हणजे चाक आणि हबच्या मधे टाकायची चकती, तिने चाक अजून बाहेर जातं, ईटी २५ चं २० होतं. ऑफसेट कमी पडला म्हणून जो स्पेसर सुचवेल तिथून गाडी घेऊन सरळ निघा. नंतर नंबर ब्लॉक.

मग सुरू झाला तक्रारींचा तमाशा. ज्या ॲपवरून घेतली त्यांचं म्हणणं, परत करायची मुदत संपली आणि बसवलेला माल परत घेत नाही. अरे, बसवल्याशिवाय कळणार कसं? स्क्रीनशॉट पाठवले, मोजमापाचे फोटो पाठवले, उत्तर आलं की "वस्तू वर्णनानुसार आहे", खाली नाव नाही, गाव नाही. पैसे ज्या पेमेंट ॲपने दिले ते म्हणतात व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केलाय. केलाच होता, खोट्या मालासाठी केला होता! ग्राहक हेल्पलाइनवरच्या बाईंनी विचारलं, चार चाकं मिळाली ना? मिळाली. गोल आहेत ना? शप्पथ, हे विचारलं. पोलीस चौकीत साहेबांनी दोन बोटांमधे फट करून दाखवली, "एवढ्यासाठी आलात?", आणि दिवाणी मामला म्हणून परत पाठवलं. घासलेल्या शिक्क्याचा फोटो बघायला पण तयार नाहीत. आकडा ग्राइंडरने उडवून दुसरा सांगणं ही फसवणूक नाही तर काय सजावट आहे? विमावाल्यांना फेंडरचं विचारायला गेलो तर उलट मलाच, बदल केल्याचं कळवलं होतं का. हा मात्र मुद्दा लक्षात घ्या, कळवा, नाहीतर अपघात झाला की क्लेम नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं. शेवटी तक्रारीपुढे हिरव्या अक्षरांत "निकाली" असं आलं. कोणाच्या बाजूने, ते लिहिलेलं नाही.

अजून एक, टायर पण त्याच्याकडूनच घेत असाल तर लोड इंडेक्स बघा. कंपनीचा ८८ होता, हा ८४ चा चिकटवत होता. ८४ म्हणजे एका टायरला ५०० किलो, ८८ म्हणजे ५६०. तेवढं तरी मी पकडलं.

आता जुनी १५ ची चाकं परत घातलीत. हा सेट विकायला ठेवलाय, ईटी २५ असं स्पष्ट लिहून. काल एकाने मेसेज केला, याच डिझाइनचे ईटी ४० मधे दुसरीकडे स्वस्त मिळतायत, आणि लिंक टाकली. त्याचीच होती.