वाळूवर सरकणारी परात: ग्राउंड पॉडचा दोन हंगामांचा अनुभव

किनाऱ्यावर चरणाऱ्या पक्ष्यांचे उभ्याने काढलेले छायाचित्र लगेच ओळखू येते. पक्ष्याची पाठ दिसते, वाळू चौकटभर पसरलेली असते आणि त्याने पंखांची कितीही देखणी कमान केली असली तरी ती त्या वाळूतच विरून जाते. यावर उपाय म्हणून मी गेले दोन हंगाम प्लास्टिकचा ग्राउंड पॉड वापरत आहे. उथळ परातीसारखा आकार, सुमारे ३० सेंटीमीटर व्यास, गुळगुळीत तळ, वर वळलेला काठ आणि मधोमध एक बोल्ट, एवढीच त्याची रचना आहे. बोल्टवर गिंबल हेड, म्हणजे जड लेन्सचा तोल सांभाळून ती आडवी-उभी सहज फिरू देणारा आधार, बसवायचे, त्यात लांब पल्ल्याची लेन्स अडकवायची आणि पोटावर झोपून ही परात वाळूवरून हळूहळू पुढे सरकवायची.

लेन्स खाली आली की पक्ष्यामागचे दृश्य दूर जाते आणि पुढची-मागची वाळू धूसर पट्ट्यांत विरघळते. ६०० मिलीमीटरच्या लेन्सने, तिचे छिद्र (अॅपर्चर) एफ ५.६ ला ठेवून, १० मीटरवरच्या पक्ष्याचा जेमतेम ९-१० सेंटीमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. डोळा आणि चोच त्या पट्ट्यात ठेवायची तर लेन्स स्थिर हवी, आणि ते काम पॉड चोख करतो. ओल्या वाळूवरचे शेकाट्याचे प्रतिबिंब, लाल पायांच्या लांब रेघांसकट, मला प्रथम पॉडवरूनच पूर्ण मिळाले.

मात्र पॉडचा खरा उपयोग मला वाट पाहण्यात जाणवला. वेगळ्या मुद्रा क्षणभरच टिकतात, पण त्यांची चाहूल आधी लागते. डुबक्या मारून अंघोळ करणारा तुतवार बाहेर येताच ताठ उभा राहून पंख झाडतो आणि कधी कधी हातभर उंच उडीही घेतो. एका पायावर विसावलेला चिखल्या जागा झाला की बहुतेक वेळा एका बाजूचा पंख आणि त्याच बाजूचा पाय एकदम मागे ताणतो. लांब, वाकड्या चोचीचा कर्ल्यू जांभई देतो तेव्हा त्याच्या वरच्या चोचीचे फक्त टोक वर वळते. चिखलात खोल रुतलेली चोच टोकाशी उघडता यावी म्हणून असलेली ही लवचीकता छायाचित्रात इतकी विचित्र दिसते की पाहणाऱ्याला चोच मोडली आहे असे वाटावे. असा क्षण टिपण्यासाठी लेन्स दहा-पंधरा मिनिटे एकाच पक्ष्यावर रोखून ठेवावी लागते. हातात धरलेली लेन्स त्याच्या कितीतरी आधी खाली येते. पॉडवर ती नुसती टेकलेली असते. पंख झाडण्यासाठी मी १/२००० सेकंदापेक्षा मंद शटर ठेवत नाही. याउलट परतणाऱ्या लाटेमागे धावणाऱ्या सँडरलिंग या छोट्या किनारपक्ष्यासाठी १/३० वर उतरून लेन्स पक्ष्याबरोबर फिरवली, तर डोके बऱ्यापैकी स्पष्ट राहते आणि पायांचा धूर होतो. दहांतली नऊ छायाचित्रे फुकट जातात, पण दहावे छायाचित्र चित्रासारखे उतरते. अशा कामात गिंबलची आडवी फिरकी आणि पॉडचा जड, स्थिर तळ यांची जोडी उत्तम जमते.

आता उणिवा. जाहिरातीत हे साधन पक्ष्याच्या नजरेच्या पातळीवर नेते असे म्हटलेले असते, पण ते अर्धसत्य आहे. परात, गिंबल आणि लेन्सचा पाया यांची उंची जमेस धरली तर माझ्या लेन्सचा मध्य जमिनीपासून सुमारे २५ सेंटीमीटरवर येतो. कर्ल्यूसाठी ही उंची योग्य आहे. जेमतेम २० सेंटीमीटर लांबीच्या सँडरलिंगकडे मात्र आपण तरीही वरूनच पाहत असतो. मी वाळूत खळगा करून परात त्यात बसवतो, पण मग ती सरकत नाही, म्हणजे जो गुण पाहून ती घेतली तोच बाजूला पडतो. गिंबलऐवजी बॉल हेड, म्हणजे गोळ्यावर फिरणारा बुटका आधार, लावला तर उंची घटते, पण जड लेन्स झुकते.

दुसरी उणीव चिखलाची. दाट चिखलात गुळगुळीत तळ चिकटून बसतो आणि परात उचलताना होणाऱ्या आवाजाने जवळचे पक्षी उडतात. बोल्टच्या आट्यांत वाळू जाऊन तो पहिल्याच हंगामात सैल पडला. मी रबरी वायसर घातला, पण उत्पादकाने तो मुळातच द्यायला हवा होता. काठही अजून दोन बोटे उंच हवा होता, कारण लहानशी लाटही आत येते आणि खारे पाणी थेट गिंबलच्या बुडाशी साचते.

जवळ जाणे सोपे झाले म्हणून जवळ जातच राहावे असे नाही. पक्षी चरणे थांबवून माना ताठ करू लागले की परात थांबवावी. भरती चढत असताना एका जागी पडून राहिल्यास पाणीच पक्ष्यांना आपल्याकडे आणते. चिखल्या पंख मोडल्यासारखा फरफटवू लागला तर घरटे किंवा पिल्ले जवळ आहेत असे समजावे. ही मुद्रा कितीही नाट्यमय असली तरी मी ती टिपत नाही, आल्या वाटेने मागे सरकतो.

ज्यांच्या कॅमेऱ्याचा पडदा वर वळतो आणि ज्यांचा किनारा वाळूचा आहे, त्यांनी हे साधन जरूर घ्यावे. पडदा न वळणाऱ्या कॅमेऱ्यावर तासाभरात मान इतकी आखडते की मीही तेव्हा अँगल फाइंडरशिवाय (कॅमेऱ्याच्या नेत्रिकेवर बसवून वरून पाहता येणाऱ्या जोडभिंगाशिवाय) पॉड बाहेर काढत नाही.