१० मीटर एअर रायफल: १४ महिने, दोन बनावटी आणि वीस मायक्रॉन

स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसहून कांस्यपदक आणलं, तेव्हापासून आमच्या कोल्हापुरात ‘पोरासाठी कुठल्या कंपनीची रायफल घेऊ?’ हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. त्याचं पदक ५० मीटर थ्री पोझिशनचं, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकारातलं. मुलं सुरुवात करतात ती १० मीटर एअर रायफलवर, आणि माझा अनुभवही तेवढ्यापुरताच आहे. मी नेमबाज नाही. शिरोली एमआयडीसीत टूलरूममध्ये २२ वर्षं काम करतोय. नेमबाज माझी लेक आहे. रायफल पुसणं, मोजणं, खोलणं माझ्याकडे.

घरात दोन रायफली झाल्या. पहिली एका देशी कारखान्याची, नवी कोरी. आठ महिन्यांनी दुसरी घेतली, जर्मन कंपनीची फाइनवेर्कबाउ ७००, जुनी, एका सीनियर मुलाकडून. तिलाही आता सहा महिने झाले. दोन्ही ४.५ मिमीच्या, दोन्ही दाबाच्या हवेवर चालणाऱ्या.

पहिली खोक्यातून काढली तेव्हा मी खूश झालो होतो. ॲनोडायझिंग एकसारखं, कडांना कुठे बर म्हणजे धातूची कूस नाही, अक्षरं स्वच्छ कोरलेली. दुकानात उभं राहून बनावट पारखायची ती एवढ्यावरच, असं मलाही वाटलं. चार महिन्यांनी लेक म्हणाली, “बाबा, शॉट चांगला सुटतो, पण जातो भलतीकडे.” तिच्या प्रशिक्षक सरांनी तिची पोझिशन बघितली, श्वास बघितला, ट्रिगरवरचं बोट बघितलं. म्हणाले, एकदा रायफल तपासा.

मग मी ती व्हाइसमध्ये (शिकंज्यात) लाकडी गुटक्यांत धरली, मागच्या साइटला, म्हणजे ज्यातून नेम धरतात त्या भागाला, डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजायचं काट्याचं यंत्र) लावला आणि बोटाने हलकेच रेटलं. काटा साठ मायक्रॉन सरकला आणि बोट काढल्यावर परत आला नाही.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; साठ मायक्रॉन म्हणजे केसाची जाडी. एवढ्याने काय होतं? गणित साधं आहे. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर साधारण ८० सेंटीमीटर, टार्गेट १० मीटरवर. म्हणजे साइटवरची चूक टार्गेटवर साडेबारा पट होते. साठ मायक्रॉनचे पाऊण मिलिमीटर झाले. या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा, एका रिंगपासून दुसरी अडीच मिलिमीटरवर, म्हणजे गुणाचा दहावा भाग (०.१) पाव मिलिमीटरला पडतो. पाऊण मिलिमीटर म्हणजे ०.३ गुण. उलटं मोजलं तर वीस मायक्रॉनला ०.१. आणि ६० शॉटच्या मॅचमध्ये सरासरी ०.१ गेला की एकूण ६ गुण गेले. राज्य स्पर्धेत ६ गुणांत किती नावं मावतात ते लेकीला विचारा.

पण दोष साइटचाच की बॅरलचा, हे कळायला हवं होतं. या रायफलींना साइट बसवायची पट्टी ११ मिमीचीच असते, म्हणून रेंजवरच्या एका मुलाची जर्मन साइट मागून घेतली आणि आमच्या देशी रायफलवर चढवली. त्याच व्हाइसमध्ये धरून, त्याच डबीतले छर्रे आधी आमच्या साइटने आणि मग या साइटने मारून बघितले. छर्र्यांचं डावी-उजवीकडे, म्हणजे आडवं फाकणं जवळजवळ गेलं. म्हणजे बॅरल चांगली होती! रॉडने छर्रा हळू ढकलून बघितला तेव्हाही हाताला कुठे अडखळलं नाही, तोंडाकडे थोडा घट्टपणा लागला, आणि तो तसाच लागायला हवा. नळी इतकी नीट केली आणि साइटच्या स्क्रूची फिटिंग सैल सोडली, याचं मला मनापासून वाईट वाटलं. बनवणारा हात तयार आहे, मग तपासणारा हात कमी का पडावा?

उभं फाकणं मात्र राहिलं. ते वेगाचं निघालं. ओळखीच्या एकाकडे वेग मोजायचं यंत्र आहे. २० शॉट मारले. सर्वांत हळू आणि सर्वांत वेगवान यांत सेकंदाला १२ मीटरचा फरक. छर्रा सेकंदाला १७० मीटरने जातो, १० मीटरमध्ये सुमारे १७ मिलिमीटर खाली पडतो. वेगात १२ मीटरचा फरक असेल तर पडण्यात जवळपास अडीच मिलिमीटरचा पडतो, म्हणजे एक पूर्ण रिंग. दोष रेग्युलेटरचा, म्हणजे प्रत्येक शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागाचा. कारखान्याने तो बदलून दिला आणि आठवड्याच्या आत रायफल घरी आली. परदेशी रायफलीच्या एका ओ-रिंगसाठी (हवा अडवणाऱ्या रबरी कड्यासाठी) लोक किती थांबतात ते मी बघितलंय, त्यामुळे देशी बनावटीचा हा गुण मी मोठा मानतो.

आता जर्मन. दिसायला ही जुनी, खांद्याला टेकणाऱ्या बट-प्लेटवर ओरखडे, रंग उडालेला. पण डायल लावला, रेटलं, सोडलं, काटा शून्यावर. गाल टेकवायचा चीकपीस काढून परत बसवा, जागा तीच. वेगाचा फरक २० शॉटमध्ये ३ मीटरच्या आत. शॉट सुटताना आतलं वजन उलटं सरकून धक्का खातं, त्याने रायफल हातात शांत राहते. लेकीने पहिल्याच दिवशी सांगितलं की शॉटनंतर टार्गेटचा काळा ठिपका पुढच्या साइटच्या रिंगमध्ये तसाच दिसत राहतो. पावसाळ्याची भीती होती, इथे जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातले बूटसुद्धा पांढरे होतात. ॲल्युमिनियमचा स्टॉक असल्याने तो फुगला नाही, झीरो (साइटचा लावलेला नेम) हलला नाही. बॅरलला आठवड्याला तेलाचं फडकं आणि पेटीत सिलिका जेल, बस्स.

जर्मनीतल्याच उल्म शहरातल्या वाल्थर आणि आन्शुट्झ या कंपन्यांच्या रायफलीही रेंजवर हाताळल्या आहेत. आन्शुट्झच्या ट्रिगरची पहिली स्टेज (शॉट सुटण्याआधीचा हलका टप्पा) संपते ती जागा बोटाला काचेसारखी स्पष्ट लागते. तिघांत बनावटीने डावं-उजवं करायला मी धजणार नाही. तिथे मुलीच्या अंगाला कोणती बसते ते बघावं, आणि पूर्ण तयार रायफल नियमातल्या साडेपाच किलोंत आहे ना ते.

जुनी घेताना मी एका ठिकाणी चुकलो. रायफलीच्या हवेच्या सिलेंडरवरची तारीख बघितली नाही. त्यात २०० बार दाब असतो, गाडीच्या टायरच्या शंभर पट, आणि कंपनीने वापराची मुदत १० वर्षं ठरवलेली असते. आम्हाला दोन सिलेंडर मिळाले. एकाची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपली होती. विकणाऱ्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. लेकीच्या गालापासून हातभर अंतरावर ती वस्तू आठवडाभर होती, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो. तो सिलेंडर मी हवा सोडून कायमचा बाद केला. बघायला जाताना पैशांची बोलणी नंतर करा, आधी सिलेंडर उजेडात धरून तारीख वाचा.

देशी रायफल विकली नाही. साइटच्या स्क्रूसाठी मी स्वतः लेथवर नवी बुश (स्क्रू घट्ट बसवणारी धातूची नळी) टर्न केली, आता खेळ पाच मायक्रॉनच्या आत आहे. रेंजवर नव्याने आलेली एक सातवीतली मुलगी ती वापरते. आमच्या दुसऱ्या सिलेंडरची मुदत पुढच्या मार्चपर्यंत आहे. नव्याची मागणी आत्ताच नोंदवली आहे.