परदेशात मुलांना इंग्रजी शिकवण्याचा १२० तासांचा ऑनलाइन अभ्यासक्रम : पहिल्या सत्रानंतरचा अभिप्राय

परदेशात जाऊन लहान मुलांना इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी १२० तासांचे ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालतात. त्यांपैकी एक पूर्ण करून मी प्राथमिक वर्गांवर शिकवू लागले. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण एका संस्थेची उणीदुणी काढण्यापेक्षा असा अभ्यासक्रम निवडताना काय पाहावे हे सांगणे मला अधिक गरजेचे वाटते. प्रमाणपत्र हाती पडताच लिहिलेले अभिप्राय पुष्कळ वाचायला मिळतात. पण अभ्यासक्रमाची खरी कसोटी सहा-सात वर्षांची मुले समोर बसलेली असताना लागते, म्हणून पहिले सत्र पार पडेपर्यंत मी लिहायचे थांबवले होते.

वर्गात सूचना कशा द्याव्यात, हा या अभ्यासक्रमातला सर्वांत मोलाचा घटक आहे. ज्या मुलांना इंग्रजीचे मोजकेच शब्द येतात आणि ज्यांची भाषा शिक्षकाला येत नाही, त्यांना ‘जोड्या करा, एकाने चित्र लपवा, दुसऱ्याने ओळखा’ हे सांगायचे कसे, हा नव्या शिक्षकापुढचा पहिला प्रश्न असतो. व्याकरण फार नंतर येते. येथे शिकवलेली रीत अशी की, सूचना तोडून लहान करायची, साहित्य वाटण्याआधी ती पूर्ण करायची, कृती एका मुलाला पुढे बोलावून करून दाखवायची आणि ‘समजले का?’ असे विचारायचे टाळायचे, कारण त्या प्रश्नाला सगळा वर्ग एका सुरात ‘येस’ म्हणतो. त्याऐवजी ‘आता लिहायचे की रंगवायचे?’, ‘एकट्याने की दोघांनी?’ असे विचारले की कोणाला उमगले आहे आणि कोण शेजाऱ्याकडे पाहत आहे, हे लगेच कळते. ही रीत मला पहिल्या आठवड्यापासून उपयोगी पडली आणि आजही माझ्या पाठ टाचणात सूचनांची वाक्ये मी शब्दशः लिहून ठेवते.

‘टोटल फिजिकल रिस्पॉन्स’ या पद्धतीवरचा घटकही तितकाच चांगला आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी ती १९६० च्या दशकात मांडली. मूल बोलू लागण्यापूर्वी कितीतरी आधी ऐकलेल्या आज्ञा शरीराने पाळू लागते, हे तिचे मूळ निरीक्षण. त्यामुळे ‘स्टँड अप’, ‘टच द डोअर’, ‘जंप’ अशा आज्ञांनी सुरुवात करायची आणि बोलण्याची सक्ती करायची नाही. याच घटकात मौनकाळाबद्दल जे लिहिले आहे त्याने मला फार धीर दिला. नवी भाषा ऐकणारी काही मुले दीर्घकाळ तोंडच उघडत नाहीत, मात्र तेवढ्यावरून ती शिकत नाहीत असा निष्कर्ष काढू नये, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. माझ्या वर्गातला एक मुलगा आज्ञा अचूक पाळायचा, पण एक शब्दही उच्चारत नसे. रंगांच्या कार्डांचा खेळ चालू असताना शेजारच्या मुलीने हिरवे कार्ड उचलले, तेव्हा त्याने तिचा हात धरला आणि ‘नो, ब्लू!’ असे मोठ्याने सांगितले. अभ्यासक्रमाने आधी सावध केले नसते, तर त्याला बोलते करण्याच्या खटपटीत अनेक नवे शिक्षक पडले असते.

याउलट वाचन शिकवण्याचा घटक अत्यंत तोकडा आहे आणि ही माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. अक्षरे ए-बी-सी या क्रमाने आणि त्यांच्या नावांनी शिकवावीत, एवढ्यावरच तो जवळपास संपतो. पण ‘सी’, ‘ए’, ‘टी’ ही नावे कितीही घोकली तरी ती जोडून ‘कॅट’ होत नाही. त्यासाठी अक्षरांचे ध्वनी यावे लागतात. ध्वनी जोडून वाचायला शिकवणाऱ्या फोनिक्सच्या प्रचलित पद्धतींत म्हणूनच सुरुवात एस, ए, टी, आय, पी, एन या अक्षरांनी करतात. एवढ्या सहा ध्वनींतून ‘सॅट’, ‘पिन’, ‘टॅप’, ‘नॅप’ असे कितीतरी शब्द मुलांना स्वतः वाचता येतात आणि वाचता येते आहे हे लक्षात आल्यावर त्यांचा हुरूप पाहण्यासारखा असतो. ज्यांच्या घरची लिपी वेगळी आहे, अशा मुलांना लहान लिपीतले बी आणि डी ओळखायला वेळ लागतो, त्यांची गल्लत होऊ नये म्हणून ती दोन अक्षरे एकापाठोपाठ शिकवू नयेत, हेही कोठे सांगितलेले नाही. हे सारे मला शाळेतील अनुभवी सहकारी शिक्षिकेकडून शिकावे लागले. मुलांना शिकवण्याचे प्रमाणपत्र म्हणवणाऱ्या अभ्यासक्रमात ही त्रुटी मला अक्षम्य वाटते.

पाठ टाचणाचा नमुना साठ मिनिटांचा आहे आणि त्यातील टप्पे प्रौढ विद्यार्थ्यांना शोभतील इतके लांब आहेत. लहान मुलांच्या तासात उठवणारा उपक्रम आणि बसवणारा उपक्रम यांची आलटून पालटून आखणी करावी लागते. पळण्याच्या खेळानंतर चित्र रंगवणे किंवा गोष्ट ऐकणे ठेवले नाही, तर पुढचा भाग हाती लागत नाही. वर्गात स्थानिक भाषा जाणणारे दुसरे शिक्षक असतील तर कामाची वाटणी कशी करावी, याबद्दलही एक ओळ नाही.

सराव पाठ नाहीत, ही उणीव ऑनलाइन स्वरूपामुळे आली असली तरी ती गंभीर आहे. केंब्रिजच्या सेल्टा आणि ट्रिनिटीच्या सर्टटेसॉल या इंग्रजी शिकवण्याच्या प्रमाणपत्रांत प्रत्येकी सहा तासांचे प्रत्यक्ष अध्यापन निरीक्षकांसमोर करावे लागते. अर्थात ते बहुधा प्रौढांच्या वर्गावर होते, त्यामुळे मुलांना शिकवणाऱ्यासाठी तेही पुरेसे नाही. या अभ्यासक्रमात त्याऐवजी वर्गांच्या चित्रफिती आहेत आणि त्या चांगल्या निवडल्या आहेत. विशेषतः एकच खेळ दोन शिक्षकांनी घेतलेला दाखवणारी चित्रफीत मी पुन्हा पुन्हा पाहिली. तरीही आपला आवाज कोठे चढतो, आपण फळ्याकडे तोंड करून किती बोलतो, हे दुसऱ्या कोणी पाहिल्याशिवाय कळत नाही.

आणखी एक गोष्ट मनाला लागली. इंग्रजी ही शिक्षकाची मातृभाषाच असणार, असे धरून मजकूर लिहिला आहे. ज्यांनी इंग्रजी शाळेत कष्टाने आत्मसात केली, त्यांना मुलांच्या अडचणी आतून ठाऊक असतात आणि ही जमेची बाजू म्हणून सांगायला हवी होती. शिवाय हे प्रमाणपत्र मिळाले की नोकरीचा व्हिसा मिळतोच असे नाही. दक्षिण कोरियासारख्या देशात भाषाशिक्षकाच्या व्हिसासाठी पदवी लागते आणि इंग्रजीसाठी तो मुख्यतः सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांना दिला जातो. हे पैसे भरण्याआधी कळायला हवे. येथे ते शेवटच्या प्रकरणात येते.

या साऱ्यानंतरही मी नवख्या शिक्षकाला हा अभ्यासक्रम करायला सांगेन, मात्र फोनिक्सचे वेगळे प्रशिक्षण घेण्याची आणि आधी कोठेतरी मुलांच्या वर्गावर काही तास घेण्याची तयारी ठेवून. स्वाध्याय तपासणारे मार्गदर्शक ही याची मोठी ताकद आहे. माझ्या टाचणातील प्रत्येक उपक्रमापुढे ‘मूल या वेळी नेमके काय बोलेल?’ असा प्रश्न त्यांनी लिहून पाठवला होता आणि उत्तर समाधानकारक होईपर्यंत टाचण पुढे सरकू दिले नाही. ज्या वयोगटाला शिकवायचे आहे त्याच वयोगटाचा अनुभव असलेले मार्गदर्शक मागून घेता येतात. ही सोय नोंदणीच्या अर्जात दिलेली नाही, पत्र पाठवून विचारावी लागते.