फ्रीबीएसडी १४: नवख्याने ‘स्टेबल’ या नावावर जाऊ नये

घरातले सगळे फोटो जुन्या डेस्कटॉपवर एकत्र ठेवायचे, एवढ्यासाठी मी फ्रीबीएसडी ही युनिक्ससारखी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम निवडली. झेडएफएस ही डेटाची पडताळणी करणारी फाइल सिस्टिम तिच्या इन्स्टॉलरमध्येच मिळते. त्यामुळे डिस्कवरचा डेटा नकळत बिघडला तर निदान कळतं तरी.

डाउनलोड करताना रिलीज, स्टेबल आणि करंट अशी तीन नावं समोर आली. स्टेबल म्हणजे स्थिर, म्हणून मी तीच घेतली. चूक माझी, पण ती कुणाचीही होईल. स्टेबल ही पुढच्या रिलीजची तयारी चालते ती विकासशाखा. १४साठी बांधलेले प्रोग्रॅम त्या शाखेत पुढेही चालत राहतील, एवढाच त्या नावाचा अर्थ. शिवाय १४च्या स्टेबलला ‘फ्रीबीएसडी-अपडेट’ या अपडेटच्या साधनाने तयार अपडेट मिळत नाहीत, सहसा सोर्स कंपाइल करत बसावं लागतं. दोन दिवसांनी सगळं पुसून १४.२ रिलीज टाकली. नवख्याने रिलीज, म्हणजे तयार आवृत्तीच घ्यावी. करंट ही अजून घडत असलेली विकासशाखा, तिच्याकडे तर बघूही नये.

जून २०२५मध्ये १४.३ आली. नवी पॉइंट रिलीज आली की जुनीला साधारण तीनच महिने सुरक्षा दुरुस्त्या मिळतात, म्हणून टाळाटाळ केली नाही. ‘फ्रीबीएसडी-अपडेट’ने आधी फाइली उतरवल्या, मग माझ्या कॉन्फिग फाइलींतले बदल दाखवून विचारलं. हे नीट वाचा. एसएसएचच्या (दुसऱ्या संगणकावरून लॉगिन करण्याच्या सेवेच्या) फाइलीत ‘<<<<’ अशा न जुळलेल्या बदलांच्या खुणा राहिल्या तर ती सेवा सुरूच होत नाही.

त्याच साधनाच्या पहिल्या ‘इन्स्टॉल’ आदेशाने फक्त कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, बदलतो. रीबूट केल्यावर ‘युनेम’ या आदेशाने १४.३ दाखवलं आणि मी काम संपलं असं समजले. आठवड्याने ‘फ्रीबीएसडी-व्हर्जन’ चालवून पाहिलं, तर कर्नल नवा आणि बाकी सिस्टिम १४.२चीच! रीबूटनंतर ‘इन्स्टॉल’ पुन्हा चालवायचं असतं. फ्रीबीएसडीच्या हँडबुकमध्ये ते स्वच्छ लिहिलंय, मीच अर्ध्यावर वाचणं थांबवलं होतं.

एवढं होऊनही मी धास्तावले नाही, कारण रूट, म्हणजे मुख्य सिस्टिम, झेडएफएसवर असेल तर अपडेटच्या आधी जुन्या सिस्टिमचं बूट एन्व्हायर्नमेंट (जिच्यातून पुन्हा सुरू करता येईल अशी प्रत) आपोआप तयार होतं. काही बिनसलं तर बूट मेनूतून ते निवडायचं. ही एक सोय मला बाकी सगळ्यापेक्षा मोलाची वाटते.

लॅपटॉपवर टाकणार असाल तर आधी त्या रिलीजच्या हार्डवेअर नोट्समध्ये तुमच्या वायफाय चिपचं नाव शोधा. डेस्कटॉप वातावरणही वेगळं बसवावं लागतं. मला त्याची गरज पडली नाही, माझं मशीन केबलवर आणि मॉनिटरशिवाय चालतं.