एका शब्दावर तपासलेला इंग्रजी–मराठी शब्दकोश

गेले आठ महिने मी भाषांतराच्या कामासाठी इंग्रजी–मराठी शब्दकोशाचे एक ॲप वार्षिक वर्गणी भरून वापरत आहे. त्याचे नाव येथे देत नाही, कारण मला जी उणीव सांगायची आहे ती बहुतेक सगळ्याच झटपट शब्दकोशांत कमीअधिक आढळते.

ॲप इंटरनेटशिवाय चालते, देवनागरीत टंकलेला शब्दही त्यात शोधता येतो आणि 'फोटोसिंथेसिस'साठी 'प्रकाशसंश्लेषण' यांसारखे शास्त्रीय प्रतिशब्द ते बिनचूक देते. ज्या शब्दांना एकच नेमका अर्थ असतो त्यांच्या बाबतीत माझी काहीच तक्रार नाही. अडचण आली ती 'रिडक्टिव्ह' या विशेषणापाशी.

पानिपतावरील एका इंग्रजी लेखाचे मराठी करताना असे विधान समोर आले की, पराभवाचे सारे खापर सदाशिवरावभाऊंच्या हट्टावर फोडणारी मांडणी 'रिडक्टिव्ह' आहे. ॲपने उत्तर दिले: 'कमी करणारा, घटविणारा'. 'कमी करणारी मांडणी' असे लिहिले असते तर वाचकाला ती मांडणी नेमके काय कमी करते हे कळले नसते, आणि लेखकाने हा शब्द दोष दाखवण्यासाठी वापरला आहे हे तर मुळीच कळले नसते. १४ जानेवारी १७६१ च्या त्या पराभवामागे दोन महिन्यांहून अधिक काळ अडकून पडलेली छावणी होती, गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यानंतर तुटलेली रसद होती, सैन्यासोबत असलेले हजारो यात्रेकरू आणि बुणगे होते, सुरजमल जाटाने काढून घेतलेले अंग होते आणि अब्दालीला जाऊन मिळालेला शुजाउद्दौलाही होता. इतक्या कारणांचा गुंता एका माणसाच्या स्वभावात कोंबला की जे उरते, त्याला इंग्रजीत हे विशेषण लावतात. नुसते सोपे करणे हा दोष नव्हे. सोपे करताना जे वगळता येत नाही तेही वगळणे, हा दोष आहे.

याच ॲपमध्ये 'ओव्हरसिम्प्लिफिकेशन'साठी 'अतिसुलभीकरण' हा प्रतिशब्द मिळतो आणि तो योग्य आहे. पण या दोन नोंदींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे ॲपला ठाऊक नाही. शिवाय नाम मिळाले तरी विशेषणाची सोय होत नाही, कारण 'अतिसुलभीकृत मांडणी' असे कोणी शुद्धीवर असताना लिहीत नाही.

मग जवळचे शब्द मलाच तपासावे लागले. 'ढोबळ' चालला नाही, कारण ढोबळ अंदाज निरुपद्रवी असू शकतो आणि 'ढोबळमानाने' म्हणणारा माणूस आपली मर्यादा आधीच कबूल करतो. 'सरसकट' या शब्दात अनेकांना एकच माप लावण्याचा अर्थ आहे. येथे प्रकरण एकच होते, कारणे अनेक होती. 'एकांगी' बराच जवळ जातो, परंतु त्यात पक्षपाताचा वास आहे आणि अतिसुलभीकरण करणारा माणूस पक्षपाती असेलच असे नाही. तो नुसता घाईतही असू शकतो. 'बाळबोध' या शब्दाचा मोह मला सर्वांत जास्त झाला. मोडीशी तुलना करताना देवनागरीला बाळबोध लिपी म्हणत, म्हणजे या शब्दाच्या मुळाशी निंदा नाही. आजच्या वापरात मात्र तो मांडणीपेक्षा मांडणाऱ्याची अक्कल काढतो.

'रिड्यूस' या मूळ इंग्रजी क्रियापदाचे अर्थही पुष्कळ आहेत. रसायनशास्त्रात त्याचे 'क्षपण' होते, शाळेच्या गणितात अपूर्णांकाला 'अतिसंक्षिप्त रूप' देतात आणि स्वयंपाकघरात आपण बासुंदीसाठी दूध 'आटवतो'. ॲपमध्ये यांपैकी फक्त 'क्षपण' आहे. 'आटवणे' नसावे याचे मला विशेष वाईट वाटले, कारण आटवताना पाणी जाते आणि सत्त्व उरते, तर 'रिडक्टिव्ह' मांडणीत नेमके उलटे घडते, आणि हा विरोध दाखवला असता तर वापरणाऱ्याला अर्थ चटकन उमगला असता.

शेवटी उपाय विशेषणात नाही, क्रियापदात सापडला. लॅटिनमधील मूळ शब्दाचा अर्थ 'परत आणणे' असा आहे, आणि मराठीतही आपण एखादी गोष्ट 'एवढ्यावर आणून ठेवली' असे म्हणतोच. म्हणून मी लिहिले: 'ही मांडणी पानिपतचा सारा गुंता एका माणसाच्या हट्टावर आणून ठेवते.' संपादकांनी त्यात काहीही बदल केला नाही.

शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा १८५७ सालचा कोश आणि दाते–कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' हे दोन्ही विनामूल्य पाहता येतात. ते इंग्रजी–मराठी नसल्यामुळे थेट उत्तर देत नाहीत. पण मनात आलेला मराठी शब्द तेथे उघडला की त्याच्या अर्थांच्या छटा एकाखाली एक दिसतात, आणि निवड आपल्या हाती राहते. पैसे मोजून घेतलेल्या ॲपने निदान एक वापराचे वाक्य आणि 'निंदाव्यंजक' अशी एक खूण द्यायला हरकत नव्हती. पारिभाषिक शब्दांसाठी मी त्याला पाचपैकी चार गुण देईन, वैचारिक लेखनासाठी दोन. वर्गणी संपायला चार महिने आहेत. तोवर ते फोनमध्ये राहील, आणि मोल्सवर्थ संगणकावर उघडा असेल.