कातकामाच्या क्लबात बारा महिने: काय हाताला आलं, काय नुसतं पाहून झालं

कातकाम म्हणजे लेथवर फिरणाऱ्या लाकडाला हत्यार लावून वाडगे, कलश असे आकार काढणं. त्याच्या क्लबात नाव घातलं तेव्हा माझ्याकडे एक छोटं लेथ मशीन होतं, हत्यारांचा एक तयार संच होता आणि व्हिडिओ बघून गोळा केलेली बरीच माहिती होती. आज वर्ष झालं. या वर्षात दर महिन्याला एक प्रात्यक्षिक, मधूनमधून व्याख्यानं आणि तीन कार्यशाळा झाल्या. एखाददुसरं सोडलं तर मी सगळ्यांना गेले. सभासद होऊ की नको, या विचारात असलेल्यांसाठी हे सविस्तर लिहितेय.

आधी मत सांगते: सभासद व्हा. पण महिन्याचं प्रात्यक्षिक बघून कातकाम येईल, या भरवशावर होऊ नका. पहिले चार महिने मी वही भरून टिपणं घेतली आणि घरी लेथसमोर उभी राहिले की हात तिथल्या तिथेच. ज्या प्रात्यक्षिकानंतर आठवड्याच्या आत तोच आकार स्वतः तीनदा कातला, तेच अंगात उतरलं. बाकीची प्रात्यक्षिकं वहीतच आहेत.

क्लबानं मला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे धार. हे प्रात्यक्षिक पाचव्या महिन्यात झालं. ते पहिल्याच महिन्यात व्हायला हवं होतं, आणि कार्यक्रम ठरवणाऱ्यांना मी तसं दोनदा सांगितलंय. शिकवणाऱ्यांनी एकाच मापाचे दोन गाउज, म्हणजे पन्हळीच्या पात्याची कातायची हत्यारं, घेतले, एक बोथट झालेला, एक नुकताच ग्राइंडरवरून आलेला, आणि दोन्ही एकाच लाकडावर चालवले. पहिल्यानं भुसा पडला आणि खरखर आवाज आला. दुसऱ्यानं लांब, सलग साली सुटल्या आणि आवाज जवळजवळ बंद झाला. तोवर मला वाटत होतं की पृष्ठभागावर रेषा उपटल्यासारख्या राहतात त्या लाकडामुळे. लाकूड चांगलंच होतं, धार नव्हती.

त्याच दिवशी मार्करची युक्ती शिकले. हत्याराच्या उतारावर, म्हणजे धारेमागच्या तिरक्या बाजूवर, मार्करनं रंग फासायचा, ते जिगमध्ये, म्हणजे हत्यार ठरल्या कोनात धरणाऱ्या साच्यात, बसवायचं आणि चाक हातानं हळूच फिरवायचं. रंग फक्त टोकाशी निघाला तर दगड धारेकडे जास्त लागतोय, फक्त मागच्या बाजूला निघाला तर टाचेकडे, म्हणजे उताराच्या मागच्या कडेला. पूर्ण उतारावर सारखा निघाला की मगच मोटर सुरू करायची. जुनं कार्बन स्टीलचं हत्यार ग्राइंडरवर निळं पडलं की त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं आणि ती धार टिकत नाही. हायस्पीड स्टीलला तेवढ्या तापमानानं तसं होत नाही. पूर्वी मी सगळं काम संपल्यावर धार लावायची. आता वाडगा कातताना दर दहा-पंधरा मिनिटांनी ग्राइंडरकडे जाते, आणि शेवटचा हात फिरवण्याआधी न चुकता.

दुसऱ्या महिन्यात घरी झालेला प्रसंग सांगायलाच हवा. संचात एक रुंद, खोल पन्हळीचा गाउज होता. लांब तुकड्याचे कोपरे उडवून तो गोल करण्यासाठी तो उत्तम. मी तो वाडग्याला लावला. धार लाकडात रुतली, म्हणजे ज्याला सगळे ‘कॅच’ म्हणतात ते झालं, आणि ठोकळा चकमधून, म्हणजे लेथवर लाकूड पकडणाऱ्या जबड्यातून, सुटून माझ्या चेहऱ्यावरच्या ढालीवर आदळला. ढाल होती म्हणून मला काही झालं नाही. पुढच्या बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी त्या गाउजची मूठ काढून आतला भाग दाखवला. पात्यापासून मुठीत शिरणारी शेपटी चपटी आणि बारीक असते. वाडग्यात प्रत्येक फेऱ्यात दोनदा लाकडाच्या तंतूंची कापलेली टोकं समोर येतात, तो दणका तिला पेलत नाही. वाडग्यासाठीचा वेगळा बाऊल गाउज असतो, तो अख्ख्या गोल सळईतून घडवलेला असतो. हे संचाच्या खोक्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. नवीन सभासदाला पहिल्या दिवशी एवढी एकच गोष्ट सांगितली तरी क्लबानं आपलं काम केलं असं मी म्हणेन.

कार्यशाळा मात्र सोन्यासारख्या होत्या. सहा जण, सहा लेथ, शिकवायला दोघं. वाडग्याच्या कार्यशाळेत तेच ज्येष्ठ सभासद माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “अगं, खांदे सोड. दांडा कमरेला लाव आणि कमरेसकट वळ. मनगटानं नको.” व्हिडिओत हे वाक्य मी ऐकलं होतं. पण माझे खांदे वर चढलेत हे मला व्हिडिओ कसा सांगणार? त्या दुपारी त्यांनी तीन शब्दांचा क्रम इतक्यांदा म्हणून घेतला की आता हात आपोआप तसा जातो: टेक, घास, काप. हत्यार आधी टूलरेस्टवर, म्हणजे लाकडासमोरच्या आधारपट्टीवर, टेकायचं, मग उतार लाकडावर नुसता घासू द्यायचा, काहीच कापलं जाणार नाही असा, आणि मग दांडा सावकाश उचलत साल सुटायला लागेपर्यंत यायचं. बाहेरून कापताना बुडाकडून काठाकडे, आतून काठाकडून बुडाकडे, म्हणजे तंतूंना मागून आधार राहतो.

वेगाचं गणितही तिथेच पक्कं झालं. तुकड्याचा व्यास इंचात घ्या, त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा, उत्तर 6000 ते 9000च्या दरम्यान यावं. 10 इंचांच्या वाडग्याला 600 ते 900 फेरे. तुकडा ओबडधोबड असेल आणि लेथ हलत असेल तर त्याच्याही खाली.

ओल्या लाकडाचं प्रात्यक्षिक मी खऱ्या अर्थानं अजून जगतेय. नुकतंच तोडलेलं लाकूड कातायला लोण्यासारखं, पण वाळताना ते आकार बदलतं. वाढीच्या कड्यांच्या दिशेनं ते जितकं आक्रसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्यापासून सालीकडच्या दिशेनं, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून गोल कातलेला वाडगा वाळून अंडाकृती होतो. यावर उपाय म्हणजे दोनदा कातायचं. पहिल्यांदा भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी जाड ठेवायची, बाहेरून मेण फासायचं, महिनोन्‌महिने वाळू द्यायचं आणि मग पुन्हा गोल करायचं. भिंत त्याहून पातळ ठेवली तर वाकडेपणा काढायला लाकूडच उरत नाही, फार जाड ठेवली तर आतबाहेर सारखं वाळत नाही आणि तडा जातो. सातव्या महिन्यात मी असे चार वाडगे कातून ठेवले. एकाला आठवड्यातच काठापासून तडा गेला, कारण लाकडाचा गाभा मी आत तसाच राहू दिला होता. उरलेल्या तिघांवर तारीख आणि वजन लिहिलंय आणि दर रविवारी ते तोलते.

व्याख्यानांपैकी दोन लक्षात राहिली. एक इतिहासाचं. इजिप्तमध्ये पेतोसिरिसच्या थडग्यात इसवी सनापूर्वी सुमारे 300च्या काळातलं कोरीव चित्र आहे. त्यात एक जण पट्टा ओढून लाकूड फिरवतोय आणि दुसरा हत्यार धरून कापतोय. लंडनच्या कातारींच्या संघाला राजाची सनद मिळाली ती 1604 साली. इतक्या जुन्या कामाला आपण हात लावतोय हे कळलं आणि मला खरोखर भरून आलं.

दुसरं व्याख्यान धुळीचं, आणि त्यानं माझी सवय बदलली. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवते, असं वर्गीकरण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं 1995 सालीच जाहीर केलेलं आहे. कातताना उडणाऱ्या साली दिसतात म्हणून आपण त्यांना घाबरतो. घात करते ती पॉलिशपेपर मारतानाची न दिसणारी धूळ. त्याच संध्याकाळी जवसाच्या तेलाच्या चिंध्यांबद्दलही सांगितलं गेलं: ते तेल हवेशी संयोग पावून सुकतं तेव्हा उष्णता निघते, चुरगाळून टाकलेली चिंधी आपोआप पेटू शकते. पसरून वाळवा, नाहीतर झाकणाच्या डब्यात पाण्यात बुडवा.

याच कारणानं माझी दुसरी तक्रार कडक आहे. धुळीच्या व्याख्यानानंतर दोनच महिन्यांनी एका पाहुण्या कातारींनी मास्क न लावता पुढ्यातला तुकडा पाऊण तास घासला, आणि पहिल्या रांगेत आम्ही सगळे होतो. कुणी काही बोललं नाही, मीही नाही. याचं मला वाईट वाटतं. व्यासपीठावर जे दिसतं तेच नवशिक्या घरी करतो.

पोकळ कलशांचं प्रात्यक्षिक डोळ्यांना सुंदर होतं, पण चिंचोळ्या तोंडातून आत काय चाललंय ते दिसतच नाही, आणि कॅमेरा एकच असल्यानं मागच्यांना तर फक्त शिकवणाऱ्यांची पाठ दिसली. तुकडे जोडून केलेल्या कामाचं उलट झालं. विषय रुक्ष वाटला होता, पण 12 तुकड्यांच्या कड्यात प्रत्येक टोक 15 अंशांत कापायचं आणि त्यात पाव अंशाची चूक झाली तर 24 कापांवर मिळून ती 6 अंशांची होते, हे फळ्यावर बघितल्यावर माझी कडी का जुळत नव्हती ते कळलं.

बैठकीच्या शेवटी सगळ्यांनी केलेल्या वस्तू टेबलावर मांडतात, तो अर्धा तास चुकवू नका. माझा पहिला वाडगा एका ज्येष्ठ बाईंनी उचलला, आत न बघताच उलटा केला आणि बुडावरून अंगठा फिरवला. “चकच्या खुणा राहिल्यात गं. इथे अजून दहा मिनिटं दे.” नंतर त्यांनी काठापाशी आणि तळापाशी बोटांच्या चिमटीत भिंत धरायला लावली. काठाला पातळ, तळाला दुप्पट जाड. डोळ्यांना ते कधीच दिसलं नसतं. तेव्हापासून मी दर थोड्या वेळानं लेथ थांबवते आणि चिमटीनं मोजते.

कार्यशाळेच्या जागा जाहीर होताच भरतात, तिसरीत माझा नंबर प्रतीक्षायादीवरून लागला. नवीन सभासदांसाठी दोन जागा राखून ठेवायला हव्यात, असं मी लिहून दिलंय, आणि पुढच्या वर्षी धार लावण्याच्या सत्रात मदतीला उभी राहायची तयारीही कळवलीय. वर्गणी भरून झाली.

वाडग्यांपैकी दोघांचं वजन गेले तीन रविवार हललेलं नाही, ते आता पुन्हा लेथवर चढतील. तिसरा अजून आठवड्याला चार ग्रॅम सोडतोय.