स्टूल कल्चरसाठी जळगावातील ही लॅब: एका निवृत्त शिक्षकाचे मत

जळगाव जिल्ह्यात रक्त-लघवी तपासून देणाऱ्या लॅब आता तालुक्यातालुक्यांत झाल्या आहेत. मात्र स्टूल कल्चर, म्हणजे शौचाच्या नमुन्यातून आतड्यातील जिवाणू वाढवणे, त्यांची ओळख पटवणे आणि आजाराचे कारण तेच आहेत की नाही हे जबाबदारीने सांगणे, हे काम मनापासून करणाऱ्या लॅब फार थोड्या आहेत. ही लॅब त्यांपैकी एक आहे, असे माझे मत झाले आहे. मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असे, त्यामुळे एखाद्या रिपोर्टमागे खरोखर किती काम झाले आहे याचा अंदाज मला येतो. घरात दोन आजारपणे निघाली, धाकट्या नातीला रक्ताची आव पडली आणि रावेर तालुक्यातील पुतण्याला विषमज्वर झाला, त्या निमित्ताने या लॅबचे काम जवळून पाहायला मिळाले.

पहिली चांगली गोष्ट काउंटरवरच दिसते. बहुतेक ठिकाणी डबी हातात देतात आणि पावती फाडतात. येथील मुलीने आधी विचारले, “काका, बाळाला अँटिबायोटिक सुरू केलंय का? आणि शी किती वाजता झाली?” डायपरमधून काढलेला नमुना घेण्यास तिने नम्रपणे नकार दिला. डबी घरी साबणाने किंवा डेटॉलने धुऊ नये, नमुन्यात लघवी मिसळू देऊ नये, आणि शेम व रक्त जेथे दिसते तेथलाच बोराएवढा भाग घ्यावा, हे तिने माझ्या सुनेला दोनदा समजावून सांगितले. हा आग्रह अनाठायी नाही. आमांशाचा शिगेला हा जिवाणू शरीराबाहेर फार नाजूक असतो. शौचाचा नमुना तसाच पडून राहिला की त्यात आम्लता वाढते आणि शिगेला मरून जातो, तर आतड्यात मुळातच राहणारे इतर जिवाणू मात्र वाढत राहतात. म्हणून नमुना दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोहोचला पाहिजे, नाहीतर तो कॅरी-ब्लेअर या वाहक माध्यमाच्या नळीत तरी ठेवला पाहिजे. वैशाखात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या आपल्या भागात, रावेरहून किंवा चोपड्याहून एस.टी.त पिशवीतून आणलेल्या साध्या डबीवर केलेले कल्चर ‘काही आढळले नाही’ असे आले, तर त्यावर विश्वास ठेवता येत नाही. या लॅबमध्ये कॅरी-ब्लेअरच्या नळ्या मागितल्यावर लगेच मिळतात, याचे मला विशेष कौतुक वाटले.

दुसऱ्या दिवशी मी विनंती केल्यावर तेथील सूक्ष्मजीवतज्ज्ञ डॉक्टर मॅडमनी नातीच्या नमुन्याच्या प्लेटा दाखवल्या. मॅकॉन्की या जिवाणू वाढवण्याच्या माध्यमावर गुलाबी वसाहतींची दाटी होती. त्या दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, आंबवणाऱ्या ई. कोलायसारख्या नेहमीच्या रहिवाशांच्या. त्यांच्यामध्ये, उजेडात तिरपी धरल्यावरच दिसाव्यात अशा, टाचणीच्या डोक्याएवढ्या फिकट, बिनरंगी वसाहती विखुरलेल्या होत्या. शेजारच्या एक्स.एल.डी. माध्यमाच्या प्लेटवर नेहमीचे रहिवासी पिवळे दिसत होते आणि संशयित वसाहती लाल. त्यांच्या मध्यभागी काळा ठिपका नव्हता, त्यामुळे साल्मोनेला या आतड्याच्या दुसऱ्या रोगकारक जिवाणूच्या बहुतेक प्रकारांचा संशय मागे पडत होता. एवढ्यावर ‘शिगेला’ असे लिहून मोकळे होणारे लोक मी पाहिले आहेत. येथे तसे झाले नाही. बिनरंगी वसाहती स्वतंत्रपणे उचलून शुद्ध वाढवल्या, ट्रिपल शुगर आयर्न या ओळख-माध्यमाच्या नळीत त्यांनी वायू किंवा काळा रंग निर्माण केला का ते पाहिले, त्या हलतात का, युरिया फोडतात का, हेही तपासले, आणि त्यानंतरच स्लाइडवर प्रतिसीरमचा, म्हणजे शिगेलाविरुद्धची प्रतिपिंडे असलेल्या द्रवाचा, थेंब टाकून गुठळ्या धरतात का ते बघितले. या दोन्ही पायऱ्या आवश्यक असतात, कारण ई. कोलायचे काही वाण शिगेलाशी इतके मिळतेजुळते असतात की एकट्या रासायनिक चाचण्या किंवा एकटे प्रतिसीरम दोन्ही फसवू शकतात. रिपोर्ट आला तो ‘शिगेला फ्लेक्सनेरी’ असा, चौथ्या दिवशी. ज्यांना संध्याकाळपर्यंत रिपोर्ट हवा असतो त्यांना हा उशीर वाटेल, परंतु जिवाणूला वाढायला रात्र लागतेच आणि शुद्ध करून ओळखायला पुढचे दोन दिवस लागतात. याहून लवकर हाती पडणाऱ्या स्टूल कल्चरच्या रिपोर्टबद्दल मला नेहमीच शंका येते.

रिपोर्टची वाटही पाहावी लागली नाही, कारण संशय बळावताच मॅडमनी आमच्या बालरोगतज्ज्ञांना फोन केला आणि सुनेलाही कळवले. शिगेलाचे १० ते १०० जिवाणू पोटात गेले तरी आमांश होऊ शकतो, म्हणून बाळाची शी धुतल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय कणकेला हात लावू नये, हे त्यांनी तिला सांगितले. हा फोन बिलात धरलेला नव्हता.

येथील रिपोर्टचा आणखी एक गुण मला फार मोलाचा वाटतो. एशेरिच या बालरोगतज्ज्ञाने १८८५ मध्ये तान्ह्या मुलांच्या शौचातून ज्याचे वर्णन केले, तो ई. कोलाय तुमच्या-माझ्या सर्वांच्या आतड्यात असतो. स्टूल कल्चरमध्ये तो सापडणे म्हणजे आजार नव्हे. तरीही ‘ई. कोलायची भरपूर वाढ’ असे ठळक अक्षरांत छापून खाली चौदा-पंधरा अँटिबायोटिकांची यादी जोडलेले रिपोर्ट मी आपल्या भागात पाहिले आहेत, आणि त्या यादीतले औषध साध्या जुलाबासाठी घेणारे रुग्णही पाहिले आहेत. ई. कोलायचे काही विषारी वाण जुलाब घडवतात हे खरे, पण ते ओळखायला विषाची किंवा जनुकाची वेगळी तपासणी लागते, प्लेटवरचा गुलाबी रंग पुरत नाही. तोच ई. कोलाय नीट घेतलेल्या लघवीच्या नमुन्यात दर मिलीलीटरला लाखाच्या वर आला, तर मात्र मूत्रमार्गाच्या संसर्गाचे ते सबळ चिन्ह असते. जिवाणू कोणता हे जितके महत्त्वाचे, तितकेच तो कुठे सापडला हेही महत्त्वाचे असते. या लॅबच्या रिपोर्टवर ‘नेहमीचे आंत्र-जिवाणू आढळले, रोगकारक आढळले नाहीत’ या अर्थाचे वाक्य असते आणि त्याखाली औषधांची यादी नसते. हे काम कमी केल्याचे लक्षण नसून समजून केल्याचे लक्षण आहे.

पुतण्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. गावाकडे त्याची विडाल तपासणी ‘पॉझिटिव्ह’ आली होती, गोळ्यांचा एक कोर्स झाला आणि ताप पुन्हा चढला. विडाल ही रक्तातील विषमज्वराविरुद्धची प्रतिपिंडे मोजणारी, १८९६ सालची चाचणी आहे. विषमज्वर सतत आढळणाऱ्या भागात निरोगी माणसाच्या रक्तातही जुनी प्रतिपिंडे असू शकतात, त्यामुळे एकाच नमुन्यावरचा विडालचा आकडा फार काही सिद्ध करत नाही. या लॅबने ब्लड कल्चर सुचवले, मोठ्या माणसाला लागते तितके, म्हणजे ८ ते १० मिलीलीटर रक्त घेतले, आणि गोळ्या आधीच झाल्यामुळे जिवाणू सापडण्याची शक्यता कमी झाली आहे हेही आधीच स्पष्ट केले. सुदैवाने विषमज्वराचा जिवाणू, साल्मोनेला टायफी, सापडला. सिप्रोफ्लॉक्सासिन त्याच्यावर चालत नव्हते, जसे ते आज भारतातील बहुतांश टायफी वाणांवर चालत नाही. सेफ्ट्रिअॅक्सोन आणि अॅझिथ्रोमायसिन चालत होते. मला समाधान वाटले ते रिपोर्टमध्ये काय नव्हते यावरून. जेंटामायसिन आणि अमिकासिन ही औषधे त्यात छापलेली नव्हती. प्लेटवर ती जिवाणूला मारताना दिसतात, परंतु टायफीचे जिवाणू शरीरात पेशींच्या आत दडून बसतात आणि तेथे या औषधांचा उपयोग होत नाही. म्हणून विषमज्वराच्या रिपोर्टमध्ये ती ‘चालतात’ असे लिहू नये, असा नियम आहे. जाणकार लॅब ओळखण्याची ही एक सोपी खूण आहे.

जागा स्वच्छ आहे, बसायला पुरेशा खुर्च्या आहेत, गाडी लावायला मात्र जागा शोधावी लागते. कल्चरचा खर्च विडालच्या कित्येक पट येतो, तो मला रास्त वाटला. रविवारी दुपारनंतर नमुने घेत नाहीत, त्यामुळे शनिवारी-रविवारी आजारी पडणाऱ्यांची पंचाईत होते. विषारी ई. कोलायची तपासणी येथे होत नाही, ती बाहेर पाठवली जाते आणि तिला वेळ लागतो. रक्ताची आव आणि त्याबरोबर लघवी कमी होत असलेल्या लहान मुलाच्या बाबतीत ही उणीव गंभीर ठरू शकते, कारण त्या वाणांमुळे मूत्रपिंडांना इजा होण्याचा धोका असतो. रिपोर्ट संपूर्ण इंग्रजीत असतो. निदान निष्कर्षाचे एक वाक्य मराठीत छापावे, असे मी मॅडमना सुचवले आहे.

साध्या पाण्यासारख्या जुलाबासाठी कल्चर करायला येथे येण्याची गरज नाही. ओ.आर.एस. आणि मुलांना झिंक दिले की बहुतेकांचे भागते, आणि मॅडम स्वतःही अशा रुग्णांना तपासणी न करता परत पाठवतात. शौचात रक्त असेल, ताप उतरत नसेल, जुलाब लांबले असतील, किंवा एकाच पंगतीत अथवा भरीत पार्टीत जेवलेले बरेच जण एकदम आजारी पडले असतील, तर मात्र अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी येथे नमुना द्यावा.

लॅबकडे माझी एकच मोठी मागणी आहे. कॅरी-ब्लेअरच्या नळ्या रावेर, यावल, चोपडा, अमळनेर येथील डॉक्टरांकडे आधीच ठेवाव्यात आणि रोज सकाळी एका माणसाने त्या गोळा करून थंड डब्यातून जळगावला आणाव्यात. आजारी मूल आणि दुपारचे ऊन एकाच वेळी सांभाळत इतक्या लांबून येणे अनेक घरांना जमत नाही, आणि ज्या नमुन्यांची खरी गरज असते तेच वाटेत वाया जातात.